चौंडकं कागदावर चढवताना

आमच्या आप्पांनी, माझ्या वडिलांनी, आजवर किती चौंडकी केली, हे त्यांना स्वतःलाही सांगता यायचं नाही. शंभराच्या वर नक्की. सरकारदरबारी मात्र त्यांच्या नावावर एकही नव्हतं. ते एक चौंडकं कागदावर चढवायला जून 2024 ते मार्च 2025 एवढे महिने गेले. आम्ही कुठे चुकलो, कुठे पैसे वाया गेले, कुठे एखाद्या भल्या माणसाने वाट दाखवली, हे आठवतंय तोवर लिहून ठेवते. आपल्या भागात संबळवाले आहेत, हलगीवाले आहेत, सनईवाले आहेत. कुणाचे तरी दोन हेलपाटे वाचतील.

ज्यांनी चौंडकं हे वाद्य पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. लाकडाचं पोकळ नळकांडं, वीतभर रुंद आणि वीत-चार बोटं लांब. एका तोंडाला बकऱ्याचं कातडं, दुसरं तोंड उघडं. कातड्याच्या मधोमध भोक पाडून तात ओवलेली असते. ती पोकळीतून उघड्या तोंडाबाहेर येते आणि तिच्या टोकाला लाकडी मूठ असते. नळकांडं डाव्या काखेत दाबायचं, मूठ डाव्या हातात धरायची, उजव्या हातातल्या नखीने तात छेडायची. डावा हात ओढला की सूर चढतो, ढिला सोडला की उतरतो. तुणतुण्याला दांडी असते, खुंटी असते, ते बिचारं एका सुरावर टिकून राहतं. चौंडक्याला खुंटीच नाही, सगळा कारभार हाताच्या ओढीवर. आजी म्हणायची, "तुणतुणं हूं हूं म्हणतंय, चौंडकं गोष्ट सांगतंय."

सौंदत्तीच्या यल्लम्माची गाणी याच्याशिवाय होत नाहीत. कन्नडवाले चौडकी म्हणतात, आपण चौंडकं. आजीची गोष्ट अशी होती की परशुरामाने दैत्याला मारलं आणि त्याच्याच अंगापासून आईसाठी हे वाद्य केलं, डोक्याचं भांडं आणि शिरांची तात. लहानपणी ही गोष्ट ऐकल्यावर मी आठवडाभर चौंडक्याला हात लावला नव्हता.

नंतर हात लावला नाही तो वेगळ्या कारणाने. चौंडकं म्हटलं की लोकांना देवीला सोडलेल्या मुली आठवतात, आणि ते काही खोटं नाही. कर्नाटकात 1982 साली त्याविरुद्ध कायदा झाला तो उगाच नाही. आजी जोगतीण नव्हती, आमचा नुसता कुलाचार होता. पण आमच्या पडवीत चौंडकं न्यायला येणाऱ्यांत जोगतिणी आणि जोगते जास्त असायचे. शाळेत कुणी विचारलं, वडील काय करतात, तर मी "शेती" सांगायची. शेती होतीच, दीड एकर. हे इथे लिहिते, कारण पुढे फॉर्मवर 'व्यवसाय' हा रकाना आला तेव्हा आप्पांनीही आधी "शेती"च सांगितलं, आणि तेव्हा मला माझी शाळा आठवली.

सुरुवात झाली जूनमध्ये. मी बेळगावात टिळकवाडीला एका दुकानात हिशेब लिहिते, रविवारी गावी जाते. गाव खानापूर तालुक्यात. गावात सरकारी अर्ज भरून देणारं नवीन ग्रामवन केंद्र झालंय, तिथल्या पोराने आप्पांना सांगितलं की कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आहे, अवजारांसाठी 15,000 रुपयांचं व्हाउचर मिळतं. आम्ही आधार, बँक पासबुक, रेशन कार्ड घेऊन गेलो. पडद्यावर 18 व्यवसायांची यादी होती. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चांभार, गवंडी, बुरूड, न्हावी, धोबी, शिंपी, हार करणारे, खेळणी करणारे, जाळी विणणारे, होड्या बांधणारेसुद्धा होते. वाद्य करणारे नव्हते. मी यादी दोनदा खालीवर केली.

पोरगा म्हणाला, "सुतार टाकू काय?"

आप्पा म्हणाले, "मी सुतार न्हवं."

"लाकडाचंच काम हाय की, मामा."

"लाकूड तर कुनीबी पोकरतंय. आवाज कोन काढनार?"

मला राग आला. 15,000 रुपये समोर दिसत होते. घरी येताना मी एक शब्द बोलले नाही. आता वाटतं बरं झालं. सुतार म्हणून नोंद झाली असती तर नंतर पडताळणीत चौंडकं दाखवून काय उत्तर दिलं असतं? तेव्हा पहिली गोष्ट ही की रकाना जुळत नसेल तर जवळपासच्या रकान्यात माणूस कोंबू नका. दुसरं दार शोधा.

आमच्यासाठी दुसरी दारं दोन निघाली. एक, केंद्राच्या वस्त्र मंत्रालयाचं हस्तकला कारागिरांचं 'पहचान' ओळखपत्र. त्यात वाद्यनिर्मिती हा वेगळा प्रकार आहे. दुसरं, कर्नाटकच्या कन्नड आणि संस्कृती खात्याचं वृद्ध कलाकारांसाठीचं मासाशन, म्हणजे दरमहा मिळणारं मानधन. 58 पूर्ण झालेल्यांना त्यासाठी सेवा सिंधू या कर्नाटक सरकारच्या पोर्टलवरून अर्ज करता येतो. आप्पा 71 वर्षांचे. एक अर्ज वाद्य करणाऱ्याचा, एक वाजवणाऱ्याचा. आप्पा दोन्ही करतात, पण कागद दोन्हीकडे वेगळे लागतात, हे समजायलाच मला महिना लागला. पहचानला तुम्ही वस्तू करता हे दाखवावं लागतं. मासाशनाला तुम्ही वर्षानुवर्षं कला सादर करताय याचे पुरावे लागतात: फोटो, पत्रिका, प्रमाणपत्रं, शिवाय उत्पन्नाचा दाखला.

पुरावे काय होते? एक फोटो. आजी, मागे आमचा गोठा, काखेत चौंडकं. त्यात आप्पा कोपऱ्यात अर्धे कापले गेलेत. जत्रेत, मांडवात, माघाच्या पुनवेला चाळीस वर्षं वाजवणाऱ्या माणसाचा दुसरा फोटो नाही. जोगवा मागायला जाताना कोण पत्रिका छापतं?

मग नावाचा घोळ. आधारवर आप्पांचं नाव एक, रेशन कार्डावर कन्नडमधून लिहिलेलं दुसरं, सातवीच्या मराठी शाळेच्या दाखल्यावर तिसरं. आडनावातला शेवटचा 'कर' कुठे आहे, कुठे गळालाय, आणि एका ठिकाणी नुसत्या गावाचं नाव आडनाव म्हणून चिकटलंय. सीमाभागात हे घरोघरी आहे, मी नवीन सांगत नाही. एका कचेरीत दाखला मराठीत आहे म्हणून परत दिला. बाईंनी शांतपणे सांगितलं, कन्नड नाहीतर इंग्रजी भाषांतर आणा. मी तिथेच भांडायच्या तयारीने उभी होते, आप्पांनी हात धरून बाहेर आणलं. "भांडून दाखला कन्नड हुईल काय गे?" बाहेर चहा पाजला. भाषांतर करून घेतलं, 200 रुपये. तिन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं ॲफिडेविट केलं: ई-स्टॅम्प 100, टायपिंग 100, नोटरी 200. हे ॲफिडेविट मात्र सगळीकडे चाललं. तुमच्या घरी असा घोळ असेल तर अर्जाच्या आधीच ते करून घ्या आणि पाच प्रती जवळ ठेवा. कन्नड वाचता येत नसेल तर फॉर्म भरल्यावर एकदा कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. आमच्या पहिल्या अर्जात आप्पांचं लिंग 'स्त्री' पडलं होतं. चौंडकं म्हटल्यावर पोराने गृहीत धरलं असावं.

जुलैमध्ये कळलं की पहचानच्या पडताळणीला प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागतं. आणि आमच्या घरात त्या दिवशी एकही धड चौंडकं नव्हतं. शेवटचं आप्पांनी कोविडच्या आधी विकलं. आजीचं माळ्यावर होतं, त्याचं कातडं उंदरांनी खाल्लेलं.

म्हणून आम्ही ते खाली काढलं. कातड्याच्या उरलेल्या तुकड्यावर मधोमध एक भोकाचा पैसा होता. तात कातड्यातून सरळ ओढली तर भोक फाटत जातं, म्हणून बाहेरच्या बाजूने काहीतरी आधार लागतो. आजीच्या चौंडक्याला आधी चामड्याची चकती, तिच्यावर पैसा, आणि पैशाच्या भोकात आडवी बसवलेली बांबूची काडी, जिला तातीची गाठ. पैशावर मुकुट आणि 1944. बोटं लागून लागून मुकुट अर्धा पुसलाय. चौंडकं आजीच्या लग्नाच्याही आधीचं, म्हणजे तिच्या सासूचं असणार. आप्पांनी तो पैसा धोतराच्या सोग्याने पुसला, खिशात घातला आणि म्हणाले, "नवंच करू. तू शिकून घे, मला आता पटाशी दिवसभर हुईत न्हाई."

मी 38 वर्षांची. घरात चौंडकं करायला बायका शिकत नव्हत्या असं नाही, कुणी कधी विचारलंच नव्हतं.

लाकूड फणसाचं. फणस हलका, वाळवी लागत नाही, आणि पोकरताना हळदीसारखा पिवळा भुगा पडतो, पुढे तो रंग तांबूस होत जातो. वीणासुद्धा फणसाचीच करतात. मला वाटलं, परड्यातली फांदी तोडू. आप्पा हसले. ओलं लाकूड पोकरलं तर वाळताना तडकतं. फांदी तोडली तरी दोन पावसाळे सावलीत वाळवावी लागते, आणि झाड तोडायचं म्हटलं तर पुन्हा परवानगीचे कागद. शेवटी मोडलेल्या गोठ्याचा एक जाड खांब निघाला, साठेक वर्षं वाळलेला. फोटोत आजीच्या मागे दिसतोय तोच गोठा. जुनं घर पाडत असेल कुणी तर फणसाचा खांब, उंबरा, उखळ जळणात जाऊ देऊ नका.

आता माझी चूक. लाकडाचं काम चालू व्हायच्या आधीच मी उत्साहाने कातडं आणलं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात! खानापूरचा पाऊस ज्यांना माहीत आहे ते आत्ता कपाळावर हात मारतील. खाटकाकडून 80 रुपयांना आणलं, चुन्याच्या पाण्यात टाकलं, केस काढले, ताणून पडवीत बांधलं. तीन दिवसांत वासाने शेजारची काकी भांडायला आली. चौथ्या दिवशी ते पडवीतून थेट खड्ड्यात. आप्पा आधीच म्हणाले होते, पण एकदाच म्हणाले होते. ते कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा सांगत नाहीत, हा त्यांच्याकडे शिकण्यातला मोठा अडथळा आहे.

गणपती 7 सप्टेंबरला होते. ते झाल्यावर खांबाचा तुकडा कापला. बाहेरून वाकसाने गोल केला, मग आतून गोल पटाशीने पोकरायचं. शहरात लेथवर तासाभरात होतं. मी विचारलंही, उद्यमबागेत ओळखीचा एक आहे. आप्पा म्हणाले, कर की. पण मग सांगितलं की लेथवर भिंत सगळीकडे सारखी जाड होते. हाताने करताना कातड्याच्या बाजूला भिंत बारीक ठेवायची, उघड्या तोंडाकडे जाड. किती बारीक? त्यांनी नळकांडं कानाजवळ धरलं आणि मधल्या बोटाच्या पेराने टकटक केलं. "असं वाजंस्तवर." मला सगळीकडे सारखंच वाजत होतं. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी एका जागी टकटक केल्यावर आवाज जरा मोकळा आला, मी थांबले, आणि आप्पांनी विडी बाजूला ठेवून मान हलवली. या संपूर्ण प्रकरणात मला कुणी दिलेलं प्रमाणपत्र ते एकच. त्याच दुपारी पटाशी निसटून डाव्या तळव्याला तीन टाके पडले. धनुर्वाताचं इंजेक्शन धरून 450 रुपये. जाड हातमोजा घाला, लाज वाटून घेऊ नका.

दिवाळीला चार सुट्या आल्या. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं, म्हणजे कर्नाटकचा राज्योत्सवही तोच आणि आपल्याकडचा, सीमाभागातल्या मराठी माणसांचा, काळा दिवसही तोच. बेळगावात लाल-पिवळे झेंडे, काळे झेंडे आणि आकाशकंदील एकदम. कचेऱ्या बंद, म्हणून मी गावी आणि नवीन कातडं चुन्यात.

कातडं कोवळ्या बकरीचं घ्या, म्हाताऱ्या बोकडाचं जाड पडतं. विकत घेताना उजेडाकडे धरून बघा, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना कापल्याचे व्रण नकोत. चुन्याच्या पाण्यात तीन-चार दिवस, रोज उलटायचं. केस बोथट सुरीने काढायचे, धारदार सुरी लावली की भोक पडलंच. मग चार पाण्यांत धुवायचं, चुना राहिला तर कातडं ठिसूळ होतं. नळकांड्याच्या कडेला चिंचोक्याची खळ लावायची. चिंचोके भाजून, सोलून, भिजवून, वाटून, शिजवून ही खळ होते. मी फेव्हिकॉल आणला होता, तो आप्पांनी बघितला आणि पोरांच्या वह्यांना ठेव म्हणाले. ओलं कातडं तोंडावर बसवलं, वेताच्या कड्यात कडा गुंतवल्या आणि दोरीने वर ओढून बांधलं.

पहिलं फाटलं. मी दोरी एका बाजूने पूर्ण ताणून मग दुसऱ्या बाजूला गेले होते. समोरासमोर थोडं थोडं ताणायचं असतं, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसं. दुसरं कातडं 100 रुपये. ते सावलीत तीन दिवस वाळलं. उन्हात ठेवू नका, लवकर वाळतं आणि कडेला उचलतं.

आता तात. आप्पा पूर्वी आतड्याची तात स्वतः वळायचे. ते मी केलं नाही, खरं सांगते, धीर झाला नाही. जाड नायलॉन घेतला, मासे धरायचा. आवाज आला, पण मऊ. मग बेळगावात खेळाच्या दुकानातून बॅडमिंटन रॅकेटची तार आणली, 250 रुपये. ती बरी निघाली, ओढली की लगेच सूर धरते. आप्पांचं मत अजून वेगळं आहे. ते म्हणतात, हिला ओल लागत नाही म्हणून ही पावसाळ्यातही तशीच वाजते, आणि हे त्यांना आवडत नाही. चौंडक्याला पाऊस कळला पाहिजे.

तातीच्या आधाराला मी आजीचा पैसा लावू म्हटलं. आप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी मी उद्यमबागेतून वायसर (वॉशर) आणले, दहा रुपयांत चार. लोखंडी वायसर ओलसर कातड्याला गंजाचा डाग पाडतो हे आठ दिवसांत कळलं. पुन्हा तात सोडून पितळी लावला. भोक बारीक असेल तर आडव्या काडीची गरज लागत नाही, गाठच अडकते.

15 डिसेंबरला मार्गशीर्ष पुनव, आणि रविवार. मासाशनाच्या अर्जाला वाजवतानाचे फोटो हवे होते आणि आप्पांना यल्लम्मा आईपुढे नवीन चौंडकं वाजवायचं होतं. बेळगावहून सौंदत्ती ऐंशी किलोमीटरच्या आसपास, पुढे डोंगर. माझं तिकीट कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणाऱ्या शक्ती योजनेत शून्य रुपयांचं, आप्पांचं पूर्ण. ते कंडक्टरला म्हणाले, काखेतली ती बाईमाणूस हाय, तिचं न्हाई लागत न्हवं? कंडक्टरही हसला. जोगुळभावीला हातपाय धुऊन वर गेलो. कोल्हापूरकडच्या बैलगाड्या, भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसं, "उदो" चा गजर, परड्या, आणि जिथे-तिथे चौंडकी. त्यातली निम्मी पत्र्याची नाहीतर प्लास्टिकच्या पायपाची होती. आवाज पत्र्यासारखाच.

एका म्हाताऱ्या जोगत्याने आप्पांना ओळखलं. तीस वर्षांपूर्वी आमच्या पडवीतून चौंडकं नेलं होतं म्हणाले. नवीन हातात घेतलं, नखीने दोनदा छेडलं, डावा हात लांबपर्यंत ओढून पाहिला. "कुनी पोकरलं?" आप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी परत एकदा छेडलं. "आवाज कोरडा हाय. वाजवत ऱ्हावा, सुटंल." मग कन्नडमध्ये एक पद सुरू केलं, आप्पा मराठीत उत्तर देत गेले, मधे कुणीतरी टाळ घेऊन बसलं. मी फोटो काढायचे विसरले. शेवटचे चार काढले ते पुरले. जोगती नृत्य करणाऱ्या मंजम्मा जोगती यांना 2021 साली पद्मश्री दिली गेली, तेव्हा टीव्हीवर बघून मला कौतुक वाटलं होतं. त्या दिवशी त्या म्हाताऱ्यांच्या शेजारी जमिनीवर बसताना शाळेतलं "शेती" पुन्हा आठवलं.

फोटो, ग्रामपंचायतीचं पत्र, उत्पन्नाचा दाखला (नाडकचेरीला, म्हणजे महसूल कचेरीला, तीन फेऱ्या), ॲफिडेविट आणि पासबुक असं सगळं लावून मासाशनाचा अर्ज 30 डिसेंबरला गेला. पोचपावतीवरचा नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरची शाई दोन महिन्यांत उडते. आमची उडाली.

पहचानची पडताळणी जानेवारीच्या शेवटी एका शिबिरात झाली. तिथे गेल्यावर लक्षात आलं, काम करून दाखवा म्हणजे काय? चौंडकं व्हायला तीन महिने लागले. शेजारी टोपल्या विणणाऱ्या बायका होत्या, त्यांचं दहा मिनिटांत दिसत होतं. नशिबाने आप्पांनी आदल्या रात्री पिशवी भरताना अक्कल चालवली होती: एक अर्धवट पोकरलेला तुकडा, स्टीलच्या डब्यात भिजवलेलं कातडं, खळ, पटाशी आणि पूर्ण झालेलं चौंडकं. बसमध्ये डब्याच्या वासाने पुढची सीट रिकामी राहिली, पण शिबिरात त्या डब्यानेच काम केलं. तुमची वस्तू सावकाश होणारी असेल तर प्रत्येक टप्प्याचा एकेक नमुना न्या.

साहेब हिंदी बोलत होते. त्यांनी आप्पांना पटाशी चालवायला लावली, ओलं कातडं बसवायला लावलं. मग विचारलं, साइज क्या रहता है? आप्पा म्हणाले, "एक वीत." साहेबांना वीत कळेना. आप्पांनी पंजा पसरून टेबलावर ठेवला. साहेबांनी खणातून टेप काढली आणि अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत लावली. बोटं आता सरळ होत नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने करंगळी हलकेच दाबून धरली. 22 सेंटिमीटर. त्यांनी कागदावर लिहिलं. माझी वीत 19 आहे, हे मी घरी येऊन मोजलं. म्हणजे माझी चौंडकी आप्पांपेक्षा लहान होणार की मी त्यांच्या वितीने करायची, हे अजून ठरलेलं नाही.

शेवटी साहेब म्हणाले, बजाके दिखाइए. आप्पांनी वाजवलं. टोपल्यावाल्या बायकांपैकी एकीने हात जोडले आणि "उदो" म्हटलं. साहेबांनी शिक्का मारला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मोबाइलवर मेसेज आला, कार्ड उतरवून घेतलं, प्रिंट आणि लॅमिनेशन 40 रुपये. टाके आणि ॲफिडेविट धरून एकूण खर्च अडीच हजारांच्या आत बसला, त्यात माझ्या बुडलेल्या चार दिवसांचा पगार धरलेला नाही. कार्डावर लगेच पैसे मिळत नाहीत, ते फक्त ओळखपत्र आहे. ते दाखवून मेळावे, प्रशिक्षण, योजना यांना अर्ज करता येतो. मासाशनाचं स्टेटस मी हे लिहिते आहे तोवर 'प्रक्रियेत' असंच दिसतंय. दर सोमवारी बघते.

आप्पांनी कार्ड लांब धरून वाचलं. इंग्रजी कळत नाही, पण फोटो बराच वेळ बघितला. "ह्यात चौंडकं कुठाय?" मी सांगितलं, नुसता चेहरा लागतो. त्यांनी कार्ड देव्हाऱ्यात आजीच्या भोकाच्या पैशाशेजारी ठेवलं. म्हणजे पैसा तिथे होता तर.

रविवारी निघताना हाक मारली. खांबाचा अजून दोन हात तुकडा शिल्लक आहे.

"येताना वायसर आन चार. पितळीच आन. आनि बारीक भोकाचं बघ."